हर्णै बंदरावर स्वतः रांधून राहायचं तर

दापोली तालुक्यातल्या हर्णै, मुरूड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात राहायला खोली मिळणं अवघड नाही. अवघड आहे ती पाहुण्याच्या ताब्यात येणारी शेगडी. इथला रिवाज घरगुती जेवणाचा. सकाळी चहा देताना ‘दुपारी किती पानं?’ असं विचारलं जातं, आणि खोलीभाड्याबरोबर या पानांवरही यजमानांचं घर चालतं. त्यामुळे दोनच रात्रींसाठी जाणार असाल तर रांधण्याच्या भानगडीत पडू नका, खुशाल त्यांच्याकडे जेवा. चार-पाच दिवस मुक्काम असेल, सोबत पथ्याचं खाणारे आजी-आजोबा किंवा तिखट न चालणारी पोरं असतील, किंवा बंदरावरची मासळी आपल्या हातानं करून खायची हौस असेल, तर मात्र स्वयंपाकघर असलेलं घर शोधायला हवं.

आधी दिवस ठरवा, मग घर

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि बरेच कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्या दिवसांत कोकण हिरवंगार असतं हे खरं, पण मासळीसाठी जाणाऱ्यानं ते टाळावं. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. त्यातही नाताळचा आठवडा सोडा, कारण दापोलीपासून खाली रस्ता गाड्यांनी तुंबतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला मिळू शकतात. मे महिन्यात आंबा असतो, पण घामही असतो, आणि विहिरींनी तळ गाठलेला असतो.

गाव निवडताना एवढं लक्षात घ्या. हर्णै हे नांदतं बंदर आहे. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, वाळत घातलेल्या मासळीचा वास. मला तो वास आवडतो, पण ज्याला सोसत नाही त्याने तिथे घर घेऊन नाक मुरडत बसू नये. शेजारचं मुरूड शांत आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं बालपण याच गावात गेलं. आंजर्ले खाडीपलीकडे आहे. आता पूल असल्यानं गाडीनं थोड्या वेळात बंदर गाठता येतं.

फोनवर काय विचारायचं

‘किचन आहे का?’ एवढंच विचारलंत तर उत्तर ‘आहे की!’ असं येईल, आणि तिथे पोचल्यावर कळेल की ते किचन यजमानांचं आहे. म्हणून प्रश्न असा करा: ‘काका, आम्ही स्वतः करून खाणार आहोत. ओटा, शेगडी आणि भरलेला सिलिंडर आमच्याकडे राहील का? त्याचे पैसे वेगळे की भाड्यात?’

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि शहरातली माणसं नेमका तोच विसरतात: या घरात मासे शिजवलेले चालतात का? मुरूड-आंजर्ल्यातली कित्येक घरं शाकाहारी आहेत. स्वतंत्र खोल्या बांधून दिल्या असल्या तरी आवारात मासळी आणू नये, अशी त्यांची अपेक्षा असते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण पिशवीत सुरमई घेऊन दारात उभं राहिल्यावर हे कळणं दोघांनाही अवघड जातं. मासे करायचेच असतील तर तसं मोकळेपणानं सांगून, चालत असेल तिथेच घर घ्या.

मग भांडी. कढई, तवा, कुकर बहुतेक ठिकाणी मिळतात. खवणी आणि मिक्सर आहे का ते विचारा. नारळ वाडीतला मिळेल, पण खवायला काही नसेल तर त्याचा उपयोग काय? फ्रिज फक्त बाटल्यांपुरता आहे की बर्फाचा कप्पाही चालतो, वीज गेली तर इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो की नुसते दिवे-पंखे, हेही. पाणी विहिरीचं असेल तर उन्हाळ्यात ते मचूळ लागतं का, हे संकोच न करता विचारावं. खाडीजवळच्या विहिरींना ही खोड असते, आणि मचूळ पाण्यात डाळ लवकर शिजत नाही.

फोटो मागवाल तेव्हा अलीकडचे मागवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं या किनाऱ्यावरच्या वाड्या अक्षरशः झोपवल्या, घरांची छपरं उडवली. त्याआधीच्या फोटोत दिसणारी गर्द सावली आज त्या अंगणात असेलच असं नाही. नवी लावलेली माडाची झाडं वाढायला वर्षं लागतात.

सामान

रेल्वेनं येणाऱ्यांना खेड स्टेशन सोयीचं. तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर, आणि पुढे घाट उतरून हर्णै पंधरा-सोळा. तांदूळ, पीठ, भाजी, तेल हे दापोलीच्या बाजारातच भरून घ्या, कारण खाली उतरल्यावर दुकानं आहेत, पण निवड कमी. घरून आणायचं ते इतकंच: आपल्या हाताचा मसाला, धारदार सुरी, झाकणाचे दोन डबे. गॅसचा छोटा सिलिंडर रेल्वेत न्यायला बंदी आहे, तो मोह नको. आमसुलं मात्र इथलीच घ्या, यजमानांच्या घरची मिळाली तर उत्तम.

बंदरावर मासळी घेताना

हर्णैच्या बोटी किनाऱ्यापासून दूर नांगरतात. मासळी लहान होड्यांतून काठाला येते. ती उतरवायला बैलगाडी थेट पाण्यात घालण्याची इथली जुनी रीत. मग वाळूतच लिलाव उभा राहतो. दुपार कलल्यावरचा लिलाव पाहण्यासारखा असतो. पण तो व्यापाऱ्यांसाठी आहे. ढीगच्या ढीग बोलीला लागतात आणि बोटांच्या खुणांवर सौदा ठरतो. मध्ये घुसून ‘अर्धा किलो मिळेल का?’ विचारू नका. लिलाव उरकला की त्याच मासळीचे वाटे घेऊन बसलेल्या कोळणी असतात, आपला बाजार तिथला.

‘मावशी, साफ करून कितीला?’ असं विचारा, म्हणजे कापण्याचे पैसे नंतर वेगळे निघत नाहीत. थोडी घासाघीस चालते, पण निम्म्यावर पाडून मागणं अपमानाचं असतं. कल्ला उचलून पाहा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पापलेट घेताना तळहातापेक्षा लहान असेल तर सोडून द्या. राज्यानं २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले, त्यात चंदेरी पापलेटाचा १३५ मिलिमीटर आहे. पिल्लं ग्राहकानं घेतली नाहीत तर ती आणण्यातही अर्थ उरत नाही.

पहिल्या दिवशी पापलेटाच्या मागे लागू नका. बांगडा किंवा मांदेली घ्या. स्वस्त, ताजी, आणि अनोळखी शेगडीवर बिघडायची भीती कमी. ओले बोंबील घेतलेत तर त्याच संध्याकाळी तळायचे, फ्रिजवर विसंबायचं नाही.

भरती-ओहोटी बोटांवर

इथे राहायचं तर घड्याळाबरोबर तिथीही माहीत हवी. जुना हिशोब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या आसपास ओहोटी. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी वाळूवर बरंच वर येतं आणि ओहोटीला तितक्याच जोरानं ओढतं. पोहणं त्या ओढीच्या वेळी नको.

हाच हिशोब सुवर्णदुर्गाला जाताना लागतो. किल्ला किनाऱ्यापासून जवळच, पण बेटावर आहे. होडीवाला भरती पाहून वेळ सांगेल, ती पाळा. लाइफ जॅकेट मागा, नसेल तर दुसरी होडी पाहा. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि भिंतीवर मारुती. आत पाण्याची टाकी आणि भरपूर झुडपं, म्हणून बूट घाला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध एकत्र आले आणि इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे किल्ला पडला. मराठी आरमाराचा कणा मराठ्यांच्याच मदतीनं मोडला गेला, हे तिथे उभं राहून पाहताना जरा जास्तच टोचतं. होडी मिळाली नाही तर निदान काठावरच्या कनकदुर्गावर चढा. वर दीपगृह आहे, समोर सुवर्णदुर्ग, आणि खाली नांगरलेल्या बोटी. फत्तेगड आणि गोवा नावाचा किल्लाही जवळच, पण फत्तेगडावर आता वस्ती आहे, तेव्हा लोकांच्या दारातून कॅमेरा नाचवत जाऊ नये.

निघताना

मासळीची घाण ओट्याच्या मोरीत सोडू नका, ती तुंबते आणि यजमानांचा पाहुण्यांवरचा विश्वास उडतो. कागदात गुंडाळून ठेवा आणि वाडीत माडाच्या मुळाशी पुरायची का, ते काकूंना विचारा, बहुतेक हो म्हणतील. सिलिंडर अर्ध्यात संपवला असेल तर आपणहून सांगून हिशोब करा.

घरी न्यायला सुकी मासळी घ्यायची तर ती शेवटच्या सकाळी घ्या. नीट वाळलेला बोंबील वाकवल्यावर कट्‌कन मोडतो. लवचीक असेल तर आत ओल आहे, आठवड्यात बुरशी धरेल. जाड पिशव्या दोन, त्यावर झाकणाचा डबा, आणि डबा डिकीत. एसटीनं जाणार असाल तर सुकट नकोच, शेजारचा प्रवासी खेडपर्यंत बोलत राहील.