पेंटरला फोन करायच्या आधी कुलरकडे बघा: ओल आणि बुरशीच्या बाबतीत या चुका टाळा

भिंतीला ओल दिसली की आपल्याकडे पहिला फोन पेंटरला जातो, आम्हीपण तेच केलं, दोन वर्षं लागोपाठ पुट्टी घासून नवीन रंग मारला आणि दोन्ही वेळा पोळ्यापर्यंत कपाटामागे परत काळे ठिपके. पाणी येतं कुठून हे न बघताच रंग मारला, चुकलं ते इथेच.

शोधायची सोपी ट्रिक आहे. फूटभर पॉलिथिन घ्या, भिंत वरून पुसून कोरडी करा आणि चारही कडांना टेप लावून ते चिकटवा, दोन दिवस हात लावू नका. पाणी पॉलिथिनच्या आत, म्हणजे भिंतीकडून जमलं तर भिंतीतूनच येतंय, मग पाईप, गच्ची, बाथरूमच्या टाइल्सचे सांधे तपासा. थेंब बाहेरच्या बाजूला, खोलीकडून आले तर हवेतलीच वाफ भिंतीवर बसून राहिली आहे.

आमच्याकडे थेंब बाहेरून निघाले. म्हणजे कुलर!

आता नागपुरात कुलर बंद करा असं कोण म्हणेल, नवतपात तोच तर वाचवतो. पण कुलर हवा थंड करतो ती तिच्यात पाणी मिसळून, म्हणून समोरची खिडकी उघडी नसेल तर तो सगळा दमटपणा खोलीतच अडकतो, आणि आम्ही धूळ येते म्हणून खिडकी घट्ट लावून बसायचो. मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ते खपून जातं, पण पाऊस सुरू झाल्यावर बाहेरची हवाच ओली, तेव्हा कुलर थंडावा देत नाही, नुसती ओल वाढवतो, तरी सवयीने जुलैभर पंप चालूच. पाऊस लागला की पंप बंद, नुसता फॅन चालवा, आणि टाकी रिकामी करून ठेवा, डास होतात ते वेगळंच. खिडकीखालच्याच भिंतीला ओल असेल तर कुलरची टाकी किंवा पाईप ठिबकत नाही ना तेही बघून घ्या.

दुसरी गडबड म्हणजे पांढरी पावडर दिसली की बुरशी समजून घाबरणं. तो बहुतेक वेळा खार असतो, म्हणजे भिंतीतल्या पाण्यासोबत वर आलेले क्षार, पाणी शिंपडलं की विरघळतो, बुरशी विरघळत नाही. अर्थात खार आला म्हणजे भिंतीत पाणी आहेच.

बुरशी कोरडी झाडू नका, कण घरभर उडतात. मास्क, हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने पुसा आणि फॅन लावून वाळवा. ब्लीचिंग आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. ओलं झालेलं प्लायवूड, गादी एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरतेच. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, कपडे त्याच खोलीत वाळत घालू नका.

आणि गच्चीच गळत असेल तर वॉटरप्रूफिंग एप्रिल-मेमध्ये करून घ्या, स्लॅब कोरडा असतो तेव्हा. जुलैत बोलावलं तरी माणूस येतो, पैसेपण घेतो, पण ओल्या स्लॅबवर कोटिंग धरत नाही.