सहा महिन्यांनंतर बाळाला काय आणि किती भरवावं?

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा. जन्मतः साठलेलं लोह तोवर संपत आलेलं असतं. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू दर वेळी 125 मिलीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

बहुतेकांचं चुकतं ते पातळपणात. पाणीदार अन्नानं इवलंसं पोट भरतं, वजन मात्र वाढत नाही. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही, इतकं दाट हवं. लोहासाठी मऊ शिजवलेली डाळ, अंडं किंवा मांस. डाळीसोबत आंबट फळ दिलं तर लोह जास्त शोषलं जातं.

वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. मीठ-साखरेची घाई कशाला? नवा घास थुंकला तर जबरदस्ती नको, दोन दिवसांनी पुन्हा द्या. आठ-दहा वेळाही लागतात.