आराखड्यावर मोजपट्टी कशी वापरावी

तांत्रिक चित्रकला शिकायला बसलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास करतो. खोली ४.२० मीटर लांब आहे आणि प्रमाण १:५० आहे, म्हणून तो कागदाच्या कोपऱ्यात ४२०० ला ५० ने भागतो, ८४ हे उत्तर काढतो आणि कंपासपेटीतल्या साध्या पट्टीने ८४ मिलिमीटर मोजून रेघ मारतो. रेघ बरोबर येते, पण पद्धत चुकलेली असते. एका घराच्या प्लॅनमध्ये शंभर-दीडशे मापे सहज असतात, आणि इतक्या भागाकारांत एखादा चुकणारच. प्रमाणाची मोजपट्टी हा भागाकार वाचवण्यासाठीच बनवलेली आहे. तिच्या १:५० च्या बाजूवर ‘४’ लिहिले आहे, तेथे कागदावर ८० मिलिमीटर होतात हे आपल्याला ठाऊक असण्याचीही गरज नाही. तेथे चार मीटर आहेत, एवढेच वाचायचे.

मराठीत आपण हातातल्या पट्टीलाही ‘स्केल’ म्हणतो आणि आराखड्याच्या प्रमाणालाही ‘स्केल’च म्हणतो. येथे घोटाळा नको म्हणून वस्तूला मोजपट्टी आणि गुणोत्तराला प्रमाण म्हणू.

प्रमाणातला पहिला आकडा कागदाचा आणि दुसरा प्रत्यक्ष वस्तूचा. १:५० म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जागेवरचे पन्नास मिलिमीटर दाखवतो. दोन्ही आकडे एकाच एककात असले पाहिजेत, ही अट विसरली की सारे बिघडते: ‘१ सेंटिमीटर = ५ मीटर’ हे प्रमाण १:५ नसून १:५०० आहे, कारण पाच मीटरचे पाचशे सेंटिमीटर होतात. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण असे तीन प्रकार शिकवतात, तेच येथेही लागू पडतात. लहान यंत्रभागांच्या चित्रात प्रमाण उलटे होते. सहा मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर पिचचा (म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतल्या अंतराचा) स्क्रू ५:१ ने काढला, तर कागदावर व्यास ३० आणि पिच ५ मिलिमीटर येते आणि आटे मोकळेपणी दाखवता येतात. प्रमाण कोणतेही असो, मापरेषेवर, म्हणजे माप दाखवण्यासाठी चित्राबाहेर काढलेल्या रेघेवर, लिहायचा आकडा मात्र नेहमी खऱ्या वस्तूचा असतो. कोन प्रमाणाने बदलत नाहीत. क्षेत्रफळ मात्र वर्गाने बदलते: १:१०० च्या आराखड्यावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा एक चौरस मीटर, आणि १:५० वर तोच एक चौरस सेंटिमीटर म्हणजे फक्त पाव चौरस मीटर.

बाजारात मिळणाऱ्या त्रिकोणी मोजपट्टीला तीन धारा आणि सहा बाजू असतात. सर्वाधिक खपणाऱ्या नमुन्यावर १:२०, १:२५, १:५०, १:७५, १:१०० आणि १:१२५ ही प्रमाणे असतात. अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या वर्गांत पुठ्ठ्याच्या आठ पट्ट्यांचा संच वापरतात. त्यांवर एम-१ ते एम-८ असे क्रमांक असतात. एम-१ वर पूर्ण आकाराचे आणि निम्म्या आकाराचे प्रमाण, तर एम-४ वर १:५० आणि १:१०० ही प्रमाणे मिळतात. नवी पट्टी हातात आली की प्रथम एक काम करावे: हव्या त्या बाजूवर शून्य ते एक या अंतरात किती घरे पडली आहेत, ती मोजावीत. एका मीटरची वीस घरे असतील, तर प्रत्येक घर पाच सेंटिमीटरचे झाले. ही मोजणी न करता ‘प्रत्येक लहान घर म्हणजे दहा सेंटिमीटर’ असे गृहीत धरणारे खूप आहेत, आणि काढलेली खिडकी निम्मीच रुंद का दिसते, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

एकाच बाजूचा उपयोग दहापट प्रमाणालाही करता येतो. १:५० च्या बाजूवरचा ‘४’ हा १:५०० ला चाळीस मीटर वाचायचा, आणि १:२० ची बाजू १:२०० साठी चालते. मात्र काम सुरू करण्यापूर्वी एखाद्या ओळखीच्या वस्तूवर पडताळा घ्यावा. प्लॅनमधला दरवाजा नव्वद सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा; तो नऊ मीटर किंवा नऊ सेंटिमीटर वाचला जात असेल, तर दशांशचिन्ह कोठे घसरले, ते लगेच समजते.

आता प्रमाण निवडण्याविषयी. भारतीय मानक आयएस १०७१३ मध्ये लहान करण्यासाठी १:२, १:५, १:१०, १:२०, १:५०, १:१०० असा क्रम सुचवला आहे आणि तो पुढे त्याच रीतीने १:१०,००० पर्यंत जातो. मोठे करण्यासाठी २:१, ५:१, १०:१, २०:१ आणि ५०:१ आहेत. त्रिकोणी पट्टीवरची १:७५ आणि १:१२५ या यादीत नाहीत, तरी ती पट्टीवर आहेत म्हणून सर्रास वापरली जातात. माझ्या मते नाइलाज असेल तरच वापरावीत. चित्र कागदात बसत नाही म्हणून १:७० सारखे प्रमाण शोधून काढणे मात्र अजिबात नको, कारण ज्याच्या हातात तो कागद जाणार, त्याच्याकडे ते वाचायला पट्टीच नसते.

समजा, बंगल्याचा तळमजला १२.६० मीटर × ९.४० मीटर आहे आणि कागद ए-३, म्हणजे ४२० × २९७ मिलिमीटरचा आहे. डावीकडे फाइलसाठी वीस आणि उरलेल्या तीन बाजूंना दहा मिलिमीटर समास सोडला, तर ३९० × २७७ मिलिमीटर जागा उरते. १:५० ने प्लॅन २५२ × १८८ मिलिमीटरचा होतो, म्हणजे वरकरणी आरामात बसतो. पण मापरेषांसाठी चारही बाजूंना सुमारे चोवीस मिलिमीटर धरले की तो ३०० × २३६ चा होतो आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातला १८५ × ६५ चा शीर्षक-चौकोन (चित्राचे नाव, प्रमाण वगैरे लिहिण्याची जागा) त्याच्यावर चढतो. अशा वेळी मापरेषा दाटीवाटीने कोंबण्याऐवजी ए-२ कागद घ्यावा किंवा १:१०० वर यावे. बांधकाम परवानगीसाठी द्यायच्या नकाशांत इमारतीचा प्लॅन बहुधा १:१०० ने आणि संपूर्ण जागेचा १:५०० ने काढतात. जिना, ओटा, खिडकीची चौकट यांचे तपशील १:२० किंवा १:१० ने काढले, तरच मिस्त्रीला उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष मोजताना पट्टीची धार रेघेला चिकटवून धरावी, म्हणजे खुणा कागदाला टेकतात. त्रिकोणी पट्टीची वरची धार वापरली, तर खूण आणि कागद यांत अंतर राहते आणि डोळा जरा तिरका झाला की वाचन सरकते. डोळा खुणेच्या अगदी वर असावा. टोकदार केलेल्या दोन-एच पेन्सिलीने बारीक आडवी खूण करावी, ठिपका दाबू नये. डिव्हायडरची टोके पट्टीच्या खुणांवर टोचून माप उचलण्याची सवय लागते, ती मोडावी. महिन्याभरात पुठ्ठ्याच्या पट्टीची घरे भोकांनी खराब होतात. मोजपट्टीच्या धारेने रेघाही मारू नयेत, त्यासाठी गुण्या आणि टी-स्क्वेअर आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, एका रांगेतली मापे पट्टी न हलवता एकाच शून्यापासून घ्यावीत. हॉल ४.२०, मग भिंत ०.२३, मग झोपण्याची खोली ३.३० असेल, तर खुणा ४.२०, ४.४३ आणि ७.७३ वर कराव्यात. दर वेळी पट्टी उचलून नव्या खुणेवर शून्य ठेवले, तर प्रत्येक वेळी पाव-अर्धा मिलिमीटर चुकण्याची शक्यता असते, आणि १:५० वर कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जागेवरची अडीच सेंटिमीटर. चार खोल्या संपेपर्यंत बाहेरची भिंत मूळ मापाशी जुळेनाशी होते. याच हिशेबाने पट्टीवर किती बारीक वाचायचे, यालाही मर्यादा आहे: १:१०० च्या चित्रात अर्ध्या मिलिमीटरची जाड रेघ स्वतःच पाच सेंटिमीटर जागा खाते, तेव्हा तेथे एक-एक सेंटिमीटर वाचल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

त्याहून बारीक वाचायचेच असेल, तर कर्णपट्टी, म्हणजे तिरप्या रेघांनी लहान भाग वाचता येणारी पट्टी, काढता आली पाहिजे. परीक्षेत तिचा प्रश्न ठरलेला असल्याने विद्यार्थी ती पाठ करतात, पण तिच्यातली गंमत समजून घेतली, तर पाठ करावे लागत नाही. १:५० प्रमाणाने सहा मीटरपर्यंत मापे सेंटिमीटरसह वाचायची आहेत, असे धरू. प्रमाण गुणिले सर्वाधिक माप, म्हणजे ६०० सेंटिमीटर भागिले ५०, अशी पट्टीची लांबी १२ सेंटिमीटर येते. बारा सेंटिमीटरच्या पायारेषेचे सहा समान भाग करावेत. प्रत्येक भाग एक मीटर, कागदावर दोन सेंटिमीटर. डावीकडचा पहिला भाग संपतो, तेथे शून्य लिहावे, त्याच्या उजवीकडे १ ते ५, आणि डावीकडच्या भागाचे दहा भाग करून शून्यापासून डावीकडे १ ते १० डेसिमीटर लिहावेत. आता एक डेसिमीटर कागदावर फक्त दोन मिलिमीटर झाला. त्याचे आणखी दहा भाग करायचे, तर पाचव्या हिश्श्याच्या मिलिमीटरवर खुणा कराव्या लागतील, जे पेन्सिलीने शक्य नाही. म्हणून पायारेषेवर सोयीच्या उंचीचा, समजा पाच सेंटिमीटरचा, आयत उभा करावा, उंचीचे दहा समान भाग करून दहा आडव्या समांतर रेघा माराव्यात, आणि मीटरच्या खुणांवरून उभ्या रेघा वर न्याव्यात. मग पायारेषेवरची ९ डेसिमीटरची खूण आयताच्या डाव्या वरच्या कोपऱ्याशी जोडावी आणि उरलेल्या खुणांपासून तिला समांतर तिरप्या रेघा काढाव्यात. शून्यापासून निघालेली तिरपी रेघ वर पोहोचेपर्यंत एक पूर्ण डेसिमीटर डावीकडे सरकते; म्हणजे पहिल्या आडव्या रेघेवर ती एक सेंटिमीटर सरकलेली असते, सातव्या रेघेवर सात. समरूप त्रिकोणांचा हा साधा गुणधर्म आहे. ३.४७ मीटर मोजायचे असतील, तर सातव्या आडव्या रेघेवर जावे, ३ मीटरच्या उभ्या रेघेवर एक टोक ठेवावे आणि ४ डेसिमीटरच्या तिरप्या रेघेवर दुसरे. खात्रीसाठी साध्या पट्टीने पाहावे: ते अंतर ६.९४ सेंटिमीटर भरले पाहिजे.

येथवर चित्र काढण्याविषयी झाले. काढलेल्या चित्रावरून माप घेणे हे वेगळे आणि जोखमीचे काम आहे. सुरुवातीच्या काळात एका स्वयंपाकघराच्या ओट्याची लांबी प्लॅनवर लिहायची राहिली होती, म्हणून मी छापील प्रतीवर १:५० ची बाजू लावून ३.२० मीटर वाचले आणि तेवढाच ग्रॅनाइट कापून घेतला. जागेवर ओटा ३.३० मीटरचा निघाला. प्रत छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय चालू राहिल्याने चित्र ९७ टक्के झाले होते. ६६ मिलिमीटरच्या जागी ६४ मिलिमीटर, फक्त दोनचा फरक, जो डोळ्यांना दिसला नाही आणि ग्रॅनाइटला दिसला. तेव्हापासून प्रत हातात आली की मी आधी लिहिलेले एखादे लांब माप मोजून पाहतो. ते जुळले नाही, तर त्या प्रतीवर पट्टी लावतच नाही. लिहिलेले माप आणि मोजलेले माप यांत फरक आला, तर लिहिलेलेच धरावे. ए-१ वरचा आराखडा ए-३ वर छापला की सर्व लांब्या निम्म्या होतात आणि १:१०० चे १:२०० होते, पण शीर्षकात १:१०० तसेच राहते. चित्राखाली रेषाप्रमाण, म्हणजे मीटरच्या खुणा केलेली रेघ, काढून ठेवण्याचा फायदा हाच की कागद लहान-मोठा झाला, तरी ते चित्राबरोबरच लहान-मोठे होते.

जुन्या घरांचे फूट-इंचांतले नकाशे आणखी एका कारणाने फसवतात. ‘पाव इंच = १ फूट’ हे प्रमाण १:४८ आहे, १:५० नव्हे. त्यावर दहा फुटांची खोली ६३.५ मिलिमीटरची असते. १:५० च्या बाजूने ती ३.१७५ मीटर वाचली जाते, खरे माप ३.०४८ मीटर असताना. एका खोलीत पाच इंचांचा फरक पडतो. अशा नकाशावरचे फुटांचे आकडे वाचून, प्रत्येक फुटाला ०.३०४८ ने गुणून, मग नव्या कागदावर मीटरच्या पट्टीने ते उतरवावेत.

संगणकावर काढताना मोजपट्टी दिसत नाही, पण प्रमाणाचा प्रश्न फक्त पुढे ढकललेला असतो. मॉडेलमध्ये, म्हणजे चित्र काढायच्या जागेत, सर्व काही पूर्ण आकारात काढावे आणि प्रमाण लेआउटच्या, म्हणजे छापायच्या कागदाच्या मांडणीतल्या, खिडकीला द्यावे. अक्षरे मॉडेलमध्येच लिहिणार असाल, तर कागदावर अडीच मिलिमीटर उंची हवी असताना १:१०० साठी २५० आणि १:५० साठी १२५ अशी उंची द्यावी लागते. छापताना कागदात बसवण्याचा पर्याय बंद करावा, आणि पहिली प्रत बाहेर आली की तिच्यावर त्रिकोणी पट्टीची योग्य बाजू ठेवून बाहेरच्या भिंतीची पूर्ण लांबी एकदा वाचावी, १२.६० मीटर आले, तरच पुढच्या प्रती काढाव्यात.