भयपटातला एक शॉट कसा पाहावा

भयपट पाहताना ज्या क्षणी आपण डोळे मिटतो किंवा पांघरुणाच्या आडून पडद्याकडे पाहतो, नेमक्या त्याच क्षणासाठी छायालेखकाने सर्वाधिक कष्ट घेतलेले असतात. दिवा कुठे ठेवायचा, दाराची चौकट दृश्यात किती घ्यायची, मागची भिंत किती काळी ठेवायची, हे सगळे विचारपूर्वक ठरलेले असते आणि आपण ते न पाहताच घाबरून मोकळे होतो. घाबरण्यात काही गैर नाही. भयपट त्यासाठीच असतो. परंतु त्या भीतीमागची कारागिरी एकदा दिसू लागली की तोच चित्रपट दहाव्यांदा पाहतानाही हाती काहीतरी नवे लागते. त्यासाठी चित्रपटशास्त्राच्या पदवीची गरज नाही. प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: या क्षणी माझी नजर चौकटीत, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चित्राच्या आयतात, कुठे होती आणि ती तिथे कोणी, कशाच्या साहाय्याने नेऊन ठेवली?

सुरुवात घरातल्या पडद्यापासून करावी. भयपटात सांगण्यासारखे बरेचसे गडद छटांमध्ये दडलेले असते आणि खिडकीचे प्रतिबिंब पडलेल्या टीव्हीवर ते दिसतच नाही. खोलीत अंधार करावा, चित्राच्या सेटिंगमध्ये भडक रंगांचा पर्याय सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हा पर्याय निवडावा आणि हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. कारण सेकंदाला २४ चौकटी (सुटी स्थिर चित्रे) या गतीने चित्रित झालेल्या दृश्यात टीव्ही आपल्या मनाच्या चौकटी घुसडतो आणि चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. चित्र पूर्ण रुंदीचे आहे ना, हेही तपासावे. जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा ‘हॅलोवीन’ मी पहिल्यांदा पाहिला तो जुन्या चौकोनी पडद्यासाठी दोन्ही बाजू कापलेल्या प्रतीवर, आणि या चित्रपटाचे एवढे कौतुक का होते हे मला काही केल्या कळेना. बऱ्याच वर्षांनी पूर्ण रुंदीची प्रत पाहिली तेव्हा उलगडा झाला. मारेकरी कितीतरी वेळा चौकटीच्या अगदी कडेला उभा असतो आणि मी पाहिलेल्या प्रतीत ती कडच उरलेली नव्हती.

पहिल्या खेपेला चित्रपट सलग पाहावा. मध्ये थांबवू नये, मागे नेऊ नये, वहीत टिपणेही काढू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते ते आठवावे. बहुधा ते एक किंवा दोनच असतात, आणि पुष्कळदा सर्वांत मोठ्याने किंचाळायला लावणाऱ्या प्रसंगातले नसतात. अभ्यासासाठी तेच दृश्य निवडावे आणि दुसऱ्यांदा ते आवाज पूर्ण बंद करून पाहावे. भयपटातले निम्मे धक्के कानांवाटे बसतात. आवाज काढून घेतल्यावरही ज्या शॉटने अंगावर काटा येतो, तो चित्राच्या बळावर उभा आहे असे समजावे.

ही कसोटी लावून पाहण्यासाठी १९४२ सालचा ‘कॅट पीपल’ उत्तम आहे. निर्माते व्हॅल लेवटन, दिग्दर्शक जॅक टर्नर आणि छायालेखक निकोलस मुसुराका यांनी अगदी बेताच्या खर्चात तो केला. त्यात एक तरुणी रात्री बागेच्या उंच दगडी भिंतीच्या कडेने घरी चालली आहे आणि दुसरी स्त्री तिच्या मागावर आहे. रस्त्यावर ठरावीक अंतराने दिवे आहेत. प्रत्येक दिव्याखाली उजेडाचे एक डबके आणि दोन डबक्यांच्या मधे गडद अंधार. ती उजेडात येते, अंधारात शिरते, पुन्हा उजेडात येते. दोनतीनदा असे झाले की आपण नकळत पुढच्या उजेडाची वाट पाहू लागतो, म्हणजेच मधल्या अंधाराला भिऊ लागतो. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज थांबतो, ती पळू लागते, आणि एकाएकी एक बस मोठा फुत्कार टाकून चौकटीत घुसते. पडद्यावर श्वापद नाही, रक्त नाही, हल्लाही नाही. अशा फसव्या धक्क्याला पुढे ‘लेवटन बस’ असेच नाव पडले. आवाज बंद करून पाहिल्यास बसचा धक्का बराच ओसरतो, पण उजेड-अंधाराची ती चाल जशीच्या तशी काम करीत राहते. त्या प्रसंगातली खरी करामत बसच्या आधीच घडून गेलेली असते, हे त्यावरून ध्यानात येते.

यानंतर कागद-पेन्सिल घ्यावी. निवडलेला शॉट थांबवून कागदावर पडद्याच्या प्रमाणात एक आयत काढावा आणि त्यात तीनच गोष्टी नोंदवाव्यात: सर्वांत उजळ जागा, सर्वांत काळी जागा आणि पात्राचा चेहरा. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही. तीन ठिपके पुरेत. ‘हॅलोवीन’च्या शेवटाकडचा एक शॉट असा उतरवून पाहावा. मैत्रिणीचे प्रेत पाहून हादरलेली नायिका लॉरी रडत भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्या शेजारी दाराची काळीशार पोकळी आहे. आपली नजर साहजिकच रडणाऱ्या चेहऱ्यावर खिळते. मग त्या काळोखातून एक पांढरा मुखवटा हळूहळू उमटू लागतो. तो कुठून चालत येत नाही, उडी मारत नाही, कॅमेराही त्याच्याकडे वळत नाही. छायालेखक डीन कंडी यांनी मुखवट्यावर पडणारा दिवा डिमरने (उजेड कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) सावकाश वाढवत नेला, एवढेच. तो आधीपासून तिथेच होता, आपल्याला दिसत नव्हता. या शॉटची सारी भीती या एका जाणिवेत आहे. हा शॉट मागे नेऊन पुन्हा पाहावा आणि मुखवटा आपल्याला नेमका कोणत्या सेकंदाला दिसला ते नोंदवावे. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तो दाखवून त्याचा सेकंद विचारावा. दोघांची उत्तरे वेगळी येण्याची शक्यता बरीच आहे, कारण हा शॉट प्रत्येकाला वेगळ्या क्षणी गाठतो.

चौकटीत काय ठेवले आहे याइतकेच काय अडवले आहे हेही पाहावे. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) मध्ये शेजारीण आतल्या खोलीत फोनवर बोलायला जाते आणि कॅमेरा बाहेरच राहतो. छायालेखक विल्यम फ्रेकर यांनी आधी ती नीट दिसेल अशी चौकट लावली होती. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की यांनी कॅमेरा सरकवायला लावला, त्यामुळे दाराच्या कडेने ती जवळजवळ झाकली गेली. फ्रेकर यांना कारण कळले ते चित्रपटगृहात, जेव्हा दाराआड डोकावल्यासारख्या शेकडो प्रेक्षकांच्या माना एकदम कलल्या. पडद्याच्या बाजूने डोकावता येत नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते, तरी मान वळतेच. भयपटातला चांगला शॉट प्रेक्षकाच्या शरीराकडून असे काहीतरी करवून घेतो. म्हणून आपण कधी मागे रेललो आणि कधी पुढे झुकलो, हीसुद्धा टिपण्याजोगी गोष्ट आहे.

अंधार म्हणजेच भय असा समज मात्र सोडून द्यावा. जॅक क्लेटन यांच्या ‘द इनोसंट्स’ (१९६१) मध्ये मृत गव्हर्नेस (मुलांना घरी राहून शिकवणारी बाई) दिसते ती भरदिवसा, तळ्याच्या पलीकडच्या काठावर, उंच गवतात, काळ्या वेषात, निश्चल. ती लांब आहे, लहान दिसते, चेहरा कळत नाही आणि तिच्यावर झेपावणारा क्लोज-अपही येत नाही. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांच्यापुढे एक वेगळीच अडचण होती: निर्मितीसंस्थेच्या आग्रहामुळे चित्रपट अतिरुंद सिनेमास्कोपमध्ये करावा लागला, आणि घुसमट दाखवायची तर एवढी रुंद चौकट नकोशी असते. त्यांनी कडांना रंग देऊन खास फिल्टर तयार केले आणि ते लेन्सपुढे लावून काही दृश्यांच्या दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या. हा चित्रपट पाहताना नजर मुद्दाम मधून काढून कडांवर न्यावी. नायिका मेणबत्ती घेऊन हवेलीतून फिरते तेव्हा काळोख तिच्या दोन्ही बाजूंनी कसा आत सरकलेला असतो, हे तेव्हाच दिसते.

प्रकाशाविषयी विचारायचा साधा प्रश्न म्हणजे, ‘हा उजेड येतो कुठून?’ दृश्यात दिवा, खिडकी, चंद्र यांपैकी काही दाखवले आहे का, आणि चेहऱ्यावरचा उजेड खरोखर त्याच दिशेने येतो का, हे ताडून पाहावे. आपल्याकडे या प्रश्नासाठी १९४९ सालच्या ‘महल’कडे जावे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केला आणि जर्मनीहून येऊन इथेच स्थिरावलेले योसेफ विर्शिंग यांनी चित्रित केला. तो रूढ अर्थाने भयपट नव्हे, पण हवेलीतल्या मधुबालाच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड कुठल्याच दिव्याशी जुळत नाही, तो जणू तिचा स्वतःचाच आहे असे वाटते, आणि ती जिवंत आहे की नाही ही शंका संवादांच्या आधी त्या उजेडाने निर्माण केलेली असते. याच्या उलट पद्धत राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८). तिथे छायालेखक पंकज कुमार उजेडाचा उगम लपवत नाहीत. वाड्यात पात्रांच्या हातातला दिवा जिथवर पोहोचतो तिथवरच आपल्याला दिसते, आणि दिवा धरणारा हात कापला की सगळी खोली कापते. बाहेर अखंड पाऊस आहे. पावसाळी आभाळाचा उजेड सगळीकडून सारखाच येतो, त्यामुळे धड सावलीसुद्धा पडत नाही. सगळा परिसर ओल्या राखाडी-हिरव्या रंगात निथळत असतो. कोकणातल्या आषाढाची ज्यांना सवय आहे त्यांना हा उजेड लगेच ओळखू येईल. आणि मग वाड्याखालच्या गर्भगृहात उतरल्यावर जो लालभडक रंग अंगावर येतो, त्याची धार या राखाडी तासाभराने लावून ठेवलेली असते. रंगाचा विचार असाच करावा, दोन दृश्ये शेजारी ठेवून. एकट्या लाल भिंतीविषयी कितीही लिहिले तरी ते अपुरेच राहते.

कॅमेरा हलत असेल तर तो कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आहे हे ठरवावे, आणि ठरवता आले नाही तर तेही लिहून ठेवावे. ‘द शायनिंग’ (१९८०) मध्ये लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या कॉरिडॉरमधून फिरतो आणि गॅरेट ब्राउन यांचा स्टेडिकॅम (चालतानाही धक्के न बसता चित्रण करणारी कॅमेऱ्याची यंत्रणा) जमिनीलगत त्याच्या मागोमाग जातो. वळणावर मुलगा क्षणभर दिसेनासा होतो आणि मग कॅमेरा वळतो. पाठलाग कोण करते आहे याचे उत्तर मिळत नाही, आणि ते न मिळणे हाच त्या शॉटचा गाभा आहे. स्थिर कॅमेऱ्याची ताकद पाहायची तर ‘द एक्झॉर्सिस्ट ३’ (१९९०) मधला रुग्णालयाच्या कॉरिडॉरचा प्रसंग घ्यावा. कॅमेरा कॉरिडॉरच्या एका टोकाला ठाण मांडून असतो; दूरवर परिचारिका येते-जाते, पहारेकरी येतात-जातात, काहीच घडत नाही. पाहता पाहता आपण एकेक दार तपासू लागतो. मग परिचारिका एका दाराला कुलूप लावून पाठ फिरवते, त्याच दारातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली आकृती मोठी कात्री उगारून बाहेर पडते आणि त्याच क्षणी झूम झपकन पुढे झेपावतो. तो झूम वेगळा काढून पाहिला तर साधा आहे. त्याच्या आधीची निश्चलता घड्याळ लावून मोजावी, म्हणजे त्याची किंमत कळते.

शरीराच्या हालचालीकडेही लक्ष असू द्यावे. हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’ (१९९८) मध्ये विहिरीतून निघालेली सादाको ही भूत-स्त्री ज्या तऱ्हेने चालते ती पाहून पोटात ढवळते, पण काय चुकते आहे ते सांगता येत नाही. अभिनेत्रीला उलट चालायला लावून ते चित्रण उलटे फिरवले होते. हे ठाऊक झाल्यावर पुन्हा पाहावे, आणि या खेपेला नजर तिच्या केसांवर न ठेवता पावलांवर व खांद्यांवर ठेवावी.

एक धोका मात्र आहे. असा अभ्यास सुरू केला की प्रत्येक आरशात आणि प्रत्येक जिन्यात प्रतीके दिसू लागतात. ती नोंद शेवटी करावी. आधी दिवा, कड, अंतर आणि वेळ यांचा हिशेब मांडावा. तसेच, काहीच दिसत नाही इतका काळा शॉट आपोआप चांगला ठरत नाही. वर सांगितलेल्या मुखवट्याच्या शॉटमधली दाराची पोकळी काळी आहे, पण शेजारचा चेहरा उजळ आहे म्हणून ती पोकळी आहे हे कळते. अलीकडच्या अनेक चित्रपटांत हा आधारच काढून घेतलेला असतो आणि त्याला वातावरणनिर्मिती म्हटले जाते. ते मला पटत नाही.

दहाबारा शॉट असे उतरवून झाले की वही बाजूला ठेवावी आणि त्यांतला सर्वांत आवडता शॉट, तो चित्रपट कधीच न पाहिलेल्या एखाद्या मित्राला, पूर्ण आवाजात दाखवावा. त्या वेळी पडद्याकडे पाहू नये. मित्राच्या मानेकडे पाहावे: ती कधी ताठ होते, कोणत्या बाजूला कलते आणि तो श्वास कधी सोडतो.