होडी पाण्यात घालण्याआधी: आउटबोर्डच्या थंड पाण्याची तयारी

मेच्या अखेरीला प्रवासी होड्या बंद होतात, १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी लागते आणि मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीच्या माडांखाली होड्या ताडपत्री पांघरून बसतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की सगळ्यांची एकदम धावपळ सुरू होते. रंग होतो, जाळी विणून होतात, पेट्रोलची टाकी धुतली जाते. आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटरच्या, थंडाव्याच्या पाण्याकडे मात्र "धार येते ना, मग झालं" म्हणून कोणी बघत नाही. ही धार म्हणजे मोटरच्या भोकातून बाहेर पडणारं तिचं थंडाव्याचं पाणी. मीही बघत नव्हतो. एका हंगामात कर्ली खाडीच्या मुखाशी, ऐन सुकतीला (ओहोटीला), पाहुणे होडीत असताना मोटर तापल्याचा बझर वाजला आणि मोटरने आपणहून चाल कमी केली. धार होती, पण दोऱ्यासारखी बारीक. मोटर बंद करून नांगर टाकला, मागून आलेल्या होडीने ओढून किनाऱ्याला लावलं. होडीत दोन लहान मुलं होती. तेव्हापासून हे काम मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, किनाऱ्यावरच आणि ठरलेल्या क्रमाने उरकतो. क्रम बाहेरून आत जाणारा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची आणि मगच पुढे जायचं. सगळे भाग एकदम बदलले तर मोटर कदाचित बरी होईल, पण दुखणं कुठे होतं ते कळणार नाही आणि ते पुढच्या वर्षी परत येईल.

हत्यारं आधीच काढून ठेवा: १०, १२ आणि १४ चे पाने, लाकडी किंवा रबरी हातोडी, बारीक तार, जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा), समुद्री ग्रीस, साबणाचं पाणी, चांगला उजेड आणि एक वही. इंपेलरचा (पंपातल्या पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चाकाचा) पूर्ण किट मोटरचा मॉडेल नंबर दाखवूनच घ्या. नुसता इंपेलर नको, त्याबरोबर पॅकिंग, चावी (इंपेलर दांड्यावर पक्का धरणारा तुकडा), इंपेलर ज्यात फिरतो तो स्टीलचा पेला आणि खालची चकती असा संच हवा. काम सुरू करण्याआधी किल-स्विचची (मोटर झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, बॅटरीची वायर सोडा, प्लगच्या टोप्या काढा. मोटर वर उचलून काम करणार असाल तर उचल-खटका लावल्याशिवाय खाली हात घालू नका.

आता बाहेरून सुरुवात. मोटरच्या पायाच्या दोन्ही बाजूंना, पंख्याच्या वरच्या अंगाला पाणी ओढणाऱ्या जाळ्या असतात. तिथे प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा धागा, शेवाळ अडकतं. होडी पावसाआधी खाडीत नांगरून राहिली असेल तर बार्नेकलचे पांढरे कवचही सापडतात. ते खरवडून काढा, पण जाळीच्या आतले तुकडे आत ढकलू नका. जमत असेल तर जाळी उघडूनच साफ करा. मग मोटर होडीवर किती उंचीला बसली आहे ते बघा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली असावी. फायबरच्या होडीला मागचा फळा नवा लावताना तो दोन इंच उंच झाला की लाटेवर मोटर हवा ओढते, आणि लोक पंपाला दोष देत बसतात. वाळूचा पट्टा चुकवायला मोटर फार वर उचलून चालवली तरी हेच होतं.

यानंतर धारेचं भोक. पावसाळ्यात मोटर उभी राहिली की कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. हे प्रत्येक वर्षी कुणाच्या तरी मोटरीत सापडतंच. तंगूस आत सारून हळू फिरवा. तार वापरायचीच असेल तर टोक वाकवून घ्या, नाहीतर आतली रबरी नळी फाटते. नळी सुटी करून उलट बाजूने फुंकून बघा. पाण्याच्या प्रेशरचा काटा असेल आणि तो नेहमीचाच आकडा दाखवत असताना धार बारीक झाली असेल, तर दोष बहुधा या नळीतच असतो. उलट धार जोरात आणि काटा पडलेला, असं असेल तर काट्याकडे जाणारी बारीक नळी मिठाने बुजली आहे का ते आधी पाहा.

धारेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण फसगत इथेच होते. बऱ्याच मोटरींत ही धार पंपातून वर आलेल्या पाण्याचा छोटासा फाटा असते. पंप चालू आहे एवढंच ती सांगते. सिलेंडरभोवतीच्या वाटा मिठाने बुजल्या असतील, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावरच वाट उघडणारी झडप) बंद अडकला असेल, तरी धार छान दिसू शकते. दुसरी फसगत अंगणात होते. जाळ्यांवर रबरी कप लावून नळाचं पाणी सोडलं की नळाच्याच जोराने धार येते आणि झिजलेला इंपेलरही पास होतो. म्हणून मी खरी तपासणी पिंपात करतो. २०० लिटरचं पिंप, पाणी आडव्या पट्टीच्या टीचभर वर, पंखा काढलेला, मोटर भक्कम चौकटीला टांगलेली, जागा उघडी. बंद पडवीत मोटर चालवायची नाही, धूर जिवावर बेततो. मंद चालीवर १० मिनिटं चालवा आणि धार पहिल्या मिनिटाला कशी होती, शेवटी कशी झाली ते वहीत लिहा. पाणी कोमट लागलं तर ठीक, वाफ दिसली तर लगेच बंद. पिंपातलं पाणी धुराने फेसाळतं आणि तापतं, तेव्हा मधे बदलत राहा. कोरडी मोटर तर क्षणभरही फिरवून बघू नका. इंपेलरला पाणी हेच वंगण असतं, त्याशिवाय काही सेकंदांत त्याच्या पात्या भाजतात.

चालीवरूनही बराच अंदाज येतो. मंद चालीला धार मरते पण वेग वाढवल्यावर सुधारते, असं असेल तर मी इंपेलरकडे जातो. हळू फिरताना त्याच्या रबरी पात्या पेल्याच्या भिंतीला घासून पाणी पुढे ढकलतात. वेग वाढला की पात्या मुडपतात आणि पाणी फेकलं जाण्याच्या जोरावर वर चढतं. म्हणून झीज आधी मंद चालीला कळते. मंद चालीला सगळं ठीक आणि पूर्ण वेगात मोटर तापते, तर जाळ्या, मोटरची उंची आणि आतल्या वाटा यांच्यावर जास्त संशय. मोठ्या मोटरींत स्प्रिंगचा एक प्रेशर व्हॉल्व्ह असतो. त्याच्या बैठकीत वाळूचा एक कण अडकला तरी तो उघडा राहतो आणि प्रेशर टिकत नाही.

आपल्याकडे पंप उघडायचं मुख्य कारण वाळू. कर्लीच्या मुखाशी पाणी गढूळ असतं, सुकतीला मोटर तळातली वाळूच उपसते. पुस्तकात इंपेलर किती तासांनी बदला ते दिलेलं असतं, पण या खाडीत चालणाऱ्या मोटरीचा इंपेलर मी दर वर्षी बदलतो. चांगला दिसला तरी. पाय खाली उतरवताना गिअर कुठे आहे ते पाहून ठेवा, गिअरची काडी सोडा, सगळे बोल्ट निघालेत याची खात्री करा. काही मोटरींत एक बोल्ट मागच्या छोट्या पट्टीखाली लपलेला असतो. खिळलेल्या बोल्टवर जोर लावला तर तो तुटतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या.

पंप उघडल्यावर पात्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तुकडा सापडल्याशिवाय झाकण लावायचं नाही, कारण तो वर पाण्याच्या वाटेत गेलेला असतो आणि नवा इंपेलर घालूनही मोटर तापत राहते. पात्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या असतील तर रबराचा जीव संपलाय. स्टीलच्या पेल्याच्या आतून आणि खालच्या चकतीवर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो भागही बदला. बसवताना इंपेलरला साबणाचं पाणी लावा, चावी जागेवर आहे ते पाहा आणि पेला खाली दाबताना दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, म्हणजे पात्या योग्य बाजूला मुडपतील. बहुतेक मोटरींचा दांडा वरून पाहिल्यास त्याच दिशेने फिरतो, तरी आपल्या मोटरीचं पुस्तक पाहून घ्या. दांड्याच्या खाचांना ग्रीस लावा, पण वरच्या टोकावर गोळा ठेवू नका, नाहीतर पाय पूर्ण वर बसत नाही.

माझ्या त्या बझरचं कारण इथेच निघालं. आदल्या वर्षी पाय परत चढवताना पाणी वर नेणाऱ्या नळीच्या तळाचं रबरी सील दुमडलं होतं. इंपेलर नवा होता, पण निम्मं पाणी तिथूनच गळत होतं. मी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग नळ्या बदलल्या आणि शेवटी पाय उतरवला. आता पाय चढवताना एक माणूस टॉर्च धरून फक्त ती नळी सीलमध्ये शिरतेय का तेच बघतो. दुसरं काही काम त्याला देत नाही.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. जुन्या पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवायचा की तळाला टेकणार नाही. मग पाणी तापवत तो कधी उघडतो ते बघायचं. उघडण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या मोटरींत ते साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास असतं, कारण पाणी त्याहून फार तापू दिलं तर आत मिठाचे थर झपाट्याने धरतात. थंड झाल्यावर तो पूर्ण मिटतो का तेही बघा. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट लोकांना बरा वाटतो, "मोटर थंड राहते" म्हणतात. पण त्यामुळे मंद चालीला प्रेशर पडतं, आणि फोर-स्ट्रोक मोटर गार राहिल्याने पेट्रोल इंजिनऑइलमध्ये उतरतं. थर्मोस्टॅट काढून टाकून मोटर चालवणं मला मुळीच पटत नाही.

मोटरला गंजापासून वाचवणारे जस्ताचे ठोकळे अर्ध्याहून जास्त खाल्ले असतील तर बदला, त्यांना रंग लावू नका. गिअर ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी शिरलं असेल, तर सीलही बघावं लागेल.

सगळं जोडून झालं की पुन्हा पिंपात १० मिनिटं. मग होडी भरतीच्या वेळी, खाडीतल्या खोल पाण्यात, एकट्यादुकट्याने घाला. पहिल्याच दिवशी पाहुणे नकोत. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी मंद चालीचा, मधल्या चालीचा आणि पूर्ण चालीचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. मध्यम मोटरींत ढोबळमानाने मंद चालीला २ ते ५ आणि पूर्ण चालीला १० ते २० पीएसआय (प्रेशरचं माप) दिसतं, पण आपल्या मोटरीचा निरोगी आकडा हाच खरा कामाचा. ऑक्टोबरात तो कमी झालेला दिसला तर बझर वाजायच्या आत कळतं. होडीच्या पेटीत एक जादा इंपेलर किट, तंगसाचा तुकडा, लांब चिमटा आणि नांगराला पुरेशी दोरी ठेवा. रोज संध्याकाळी किनाऱ्याला लागलात की गोड्या पाण्याने १० मिनिटं मोटर धुवा.