एआयची चित्रं थ्रीडीत वापरताय? या चुका टाळा

अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंपासून लग्नपत्रिकेच्या अॅनिमेशनपर्यंत जळगाव-धुळ्याकडे आता एआयची चित्रं सर्रास वापरली जातात. चित्र झकास येतं, पण ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये) टाकलं की खोटं दिसायला लागतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: त्या चित्रात ऊन आधीच पडलेलं असतं आणि आपण त्यावर दुसरं ऊन पाडतो.

शेणामातीने सारवलेल्या भिंतीचं टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र, घ्या. झूम करून पाहिलं तर प्रत्येक पोपड्याच्या उजव्या कडेला सावली आहे. तुमच्या सीनमधला सूर्यही उजवीकडेच. मग पोपड्यांवर प्रकाश एकीकडून आणि सावलीही तिकडेच! प्रॉम्प्टमध्येच ढगाळ, सपाट उजेड मागा. तरी डाग राहिलेच तर फोटो एडिटरमधल्या हाय पास फिल्टरने (तो बारीक तपशील ठेवतो) मोठे उजेड-अंधार काढा. शेवटी रंगाच्या किमती तपासा. एसआरजीबीत (पडद्यावरच्या रंगांचं नेहमीचं माप, ० काळा ते २५५ पांढरा) ३० पेक्षा गडद किंवा २४० पेक्षा उजळ भाग दिसला, तर तो बहुधा भिंतीचा रंग नसतो, सावली किंवा चमक असते.

त्याच चित्रातून नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचे उंचसखल भाग रंगांतून सांगणारं चित्र) बनवला आणि भेगा खोल दिसण्याऐवजी फुगल्या? असे मॅप ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स अशा दोन पद्धतींचे असतात; ब्लेंडर ओपनजीएल पद्धत मानतं. मॅप डायरेक्टएक्सचा असेल तर ग्रीन चॅनल (चित्रातला हिरव्या रंगाचा भाग) उलटा करा. ब्लेंडरच्या इमेज नोडमध्ये (चित्र जोडायच्या चौकटीत) कलर स्पेस ‘नॉन-कलर’ आहे ना, तेही पाहा. हे इतकं विसरलं जातं की मी तर आधी तेच तपासतो. डिस्प्लेसमेंटमध्ये (चित्रावरून पृष्ठभाग खरोखर वर-खाली करताना) पायऱ्या दिसत असतील तर फाइल बहुधा ८ बिटची आहे, म्हणजे उंचीच्या २५६च पातळ्या. नुसती १६ बिटमध्ये सेव्ह करून पायऱ्या जात नाहीत. बदलल्यावर हलका ब्लर द्यावा लागतो.

मागे सातपुडा, पुढे तुमचं मॉडेल, आणि दोन्ही जुळत नाहीत? एआयच्या चित्रातल्या सरळ रेषा अनेकदा एका बिंदूला मिळतच नाहीत, त्यामुळे एफस्पायमध्ये (चित्रातल्या रेषांवरून कॅमेऱ्याची जागा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कॅमेरा जुळवत बसणं व्यर्थ. उलट करा. आधी ब्लेंडरमध्ये साधे ठोकळे मांडा, मिस्ट पास (जवळ-लांबचं अंतर काळ्या-पांढऱ्यात दाखवणारं चित्र) काढा आणि तो कंट्रोलनेटच्या (एआयला चित्राची मांडणी ठरवून देणाऱ्या साधनाच्या) डेप्थला द्या. मात्र मिस्टमध्ये जवळचं काळं असतं आणि कंट्रोलनेटला जवळचं पांढरं लागतं. इन्व्हर्ट (काळं-पांढरं उलटं) केलं नाही तर डोंगर अंगावर येतो!

व्हिडिओची प्रत्येक फ्रेम एआयमधून वेगळी काढली तर भिंत लुकलुकणारच. एकच चांगली फ्रेम काढा आणि ब्लेंडरच्या ‘प्रोजेक्ट फ्रॉम व्ह्यू’ने, म्हणजे दिसतंय त्या कोनातूनच, मॉडेलवर चढवा. कॅमेरा फार वळला तर कडा ताणलेल्या दिसतील. तिथे दुसऱ्या कोनातून आणखी एक चित्र लागेल.

नुसतं ‘भारतीय खेडं’ लिहिलं की बरेचदा उतरत्या कौलांचं घर मिळतं. धाब्याचं घर हवं असेल तर सपाट मातीचं छत, लाकडी तुळया असं सविस्तर लिहा. केळीचा घडही नीट बघा. फण्यांमधली केळी वर वळलेली असतात; एआयने ती खाली लोंबती काढली, तर रावेर-यावलचा प्रेक्षक पहिल्याच सेकंदाला हसेल.

आणि रेंडर (सीनचा शेवटचा व्हिडिओ काढणं) कधीही थेट एमपीफोरमध्ये लावू नका. मे महिन्यात मध्येच लाइट गेली की अर्धवट फाइल उघडतच नाही. ईएक्सआर किंवा पीएनजी चित्रांच्या रूपात एकेक फ्रेम काढा. लाइट आली की राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू.