चकतीला ‘दिवसाला चार घनमीटर’ लावण्याआधी

हवेतले पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल), एचसीबी (हेक्साक्लोरोबेंझीन), कीटकनाशकं मोजायची तर वाटा मुख्यतः दोन: पंपाचा हाय-व्हॉल्यूम सॅम्पलर, नाहीतर दोन स्टीलच्या वाडग्यांमध्ये लावलेली पफची, म्हणजे पॉलियुरेथेन फोमची, चकती. पंप 24 तासांत साधारण 300 घनमीटर हवा ओढतो. कण फिल्टरवर बसतात, वायू मागच्या पफमध्ये. नॅफ्थलीनसारखे हलके पदार्थ मात्र पफमधून पार निघून जातात. म्हणून मागे दुसरा पफ लावा आणि त्याचं विश्लेषण वेगळं करा. मोटरचा एक्झॉस्ट नळीने लांब सोडा.

चकतीला वीज लागत नाही. हवेतले असे पदार्थ मोजणारं जगभरचं ‘गॅप्स’ (ग्लोबल अ‍ॅटमॉस्फेरिक पॅसिव्ह सॅम्पलिंग) जाळं 2004 च्या अखेरीपासून याच चकत्यांवर उभं राहिलं. खरा सापळा इथेच आहे. सिनियर सांगतात, ‘चकती दिवसाला चार घनमीटर हवेतला पदार्थ धरते असं धर, दिवसांनी गुण, झालं.’ हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

चकती 14 सेंमी व्यासाची, 1.35 सेंमी जाडीची, वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक पदार्थासाठी तिची धारणक्षमता वेगळी, आणि ती केओएवर, म्हणजे पदार्थ हवेच्या तुलनेत ऑक्टॅनॉलमध्ये किती मुरतो त्या गुणोत्तरावर, ठरते. एचसीबीसाठी 25 अंशांना ती अंदाजे 150 घनमीटर हवेइतकी येते. 90 दिवसांचे 360 घनमीटर धरलेत, तरी प्रत्यक्षात चकतीने जेमतेम 135 घनमीटरइतकाच एचसीबी धरलेला असतो. म्हणजे तुमची संहती (घनमीटरमागचं प्रमाण) खऱ्याच्या जवळपास अडीचपट कमी. आता विदर्भातला मे महिना घ्या. 35 अंशांनाच ही क्षमता 85 च्या आसपास उतरते, चकती सातेक आठवड्यांत समतोलाच्या जवळ पोचते (जितकं धरते जवळपास तितकंच सोडते), आणि उरलेले दिवस ती जवळपास नुसती टांगलेली राहते. सूत्र पाठच करा: परिणामी आकारमान (चकतीने धरलेला पदार्थ किती हवेतला) = क्षमता × (1 − e^(−दर × दिवस ÷ क्षमता)). इथे दर म्हणजे ते सुरुवातीचे दिवसाला घनमीटर. क्षमता त्या काळातल्या सरासरी तापमानाला काढा.

घाबरू नका, पीसीबी-153 सारख्या जड पदार्थांना साधा गुणाकार चालतो, त्यांची क्षमता हजारो घनमीटर असते. दर मात्र वाऱ्यावर हलतो. म्हणून चकती लावण्याआधी तिच्यावर हवेत नसणारी डेप्युरेशन संयुगं (चकतीवरून हळूहळू उडून जाणारी खूण) टाका, उदाहरणार्थ ड्युटेरियमयुक्त गॅमा-एचसीएच, आणि किती उडालं त्यावरून त्या जागेचा दर काढा. जे जवळपास उडालंच नाही किंवा पूर्ण उडालं, त्यावरून दर काढू नका.

कणांना चिकटलेल्या बेंझो(ए)पायरीनसाठी चकतीवर विसंबू नका. त्याची भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला 1 नॅनोग्रॅम आहे, तिच्याशी ताडायला पंपाचाच आकडा हवा. आणि फील्ड ब्लँकविना (जागेवर नेऊन हवेत न टांगता परत आणलेल्या कोऱ्या चकतीविना) आलेला आकडा मार्गदर्शकांनी मान्य केला तरी तुम्ही करू नका: ब्लँकची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, त्याखालचं सगळं ‘आढळलं नाही’ असंच लिहायचं.